वरातीपुढचा ठेका

आमच्या बँडला नाव नव्हतं. नाव काय ठेवायचं यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी गिटारवाला म्हणाला, "अबे, पहले बजाना तो सीखो," आणि तो विषय तिथंच संपला. आम्ही तिघं होतो. गाणारा माझा सगळ्यात जवळचा दोस्त, अमरावतीतल्या एका वकिलांचा मुलगा. गिटारवाला बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला, गार्डाचा पोरगा. घर ख्रिस्ती, आणि इंग्रजी गाण्यांतले शब्द खरोखर कळणारा आमच्यात तो एकटाच. तिसरा मी. माझ्याकडे ढोल.

साठ साल मागे पडून तीन-चार वर्षं झाली असतील. मी अकोटकडच्या एका खेड्यातून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. रविवारी सकाळी टॉकीजमध्ये इंग्रजी खेळ लागायचा, तिकीट कमी असायचं, आणि दोस्त मला ओढून न्यायचा. तिथंच एकदा पडद्यावर रॉक अँड रोलचा बँड पाहिला. दोस्ताला त्यातला गाणारा दिसला: त्याचे केस, त्याचे पाय, त्याच्या मागे किंचाळणाऱ्या पोरी. मला मागचा माणूस दिसला. तो एका पायानं मोठा ढोल आणि दोन हातांनी बाकीचे ढोल वाजवत होता, आणि तो बसून वाजवत होता. चांगला कोट घालून, खुर्चीसारख्या उंच बैठकीवर. लोक त्याच्याकडे तोंड करून उभे होते. ढोल वाजवणाऱ्याकडे लोक तोंड करून उभे राहतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आमचा संच कसा जमला ते सांगायला अजून मजा वाटते. छोटा ढोल शाळेच्या स्काउट पथकातला, मी त्या पथकात होतो म्हणून मिळालेला. मोठा ढोल एका व्यायामशाळेच्या लेझीम पथकातून मागून आणलेला, दर गणपतीत परत करायचा. पायानं वाजवायची करामत एका सायकलवाल्यानं जुन्या पायडलला कापडाचा गोळा बांधून करून दिली. ती तीन गाण्यांनंतर सुटायची. झांज खुंटीला टांगलेली. सराव वकिलांच्या घरी, मागच्या खोलीत, जिथं जुन्या खटल्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. गठ्ठ्यांवरची धूळ माझ्या प्रत्येक ठोक्याला उडायची आणि दोस्त गाता गाता शिंकायचा.

"तुझ्या ढोलात सर्दी आहे बे," तो म्हणायचा.

"तुझ्या बाबांच्या वकिलीत हाये," मी म्हणायचो.

त्याची आई चहा आणायची. सगळ्यांना सारख्या कपांतून. पहिल्यांदा असा चहा प्यालो त्या सुट्टीत मी घरी जाऊन मायला ते सांगितलं. माय म्हणाली, "बरे लोक हायेत," आणि मीही तसंच समजलो. त्या मागच्या खोलीत मी जितका सुखी होतो तितका पुन्हा कुठे झालो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी सुरुवातीपासूनच मनात काही धरून होतो.

आता बाविषयी सांगितलं पाहिजे.

आमच्या घरी पिढ्यानपिढ्या डफडं वाजवायचं काम होतं. गावातल्या मोठ्या घरी लग्न निघालं की आमच्या घरच्यांनी वरातीपुढं चालत, उन्हातान्हात, डफडं वाजवत जायचं. विचारायची पद्धत नव्हती, सांगावाही नसायचा; लग्न ठरलं याचाच अर्थ तुम्ही यायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. बा आणि माझे दोन काका पायी अकोल्यापर्यंत आणि तिथून रेल्वेनं गेले. परत आल्यावर बानं डफड्याचं चामडं काढून टाकलं आणि उरलेल्या लाकडी कड्यात जाळी बसवून मायला धान्याची चाळणी करून दिली. त्याच साली मोठ्या घरी लग्न होतं. बा स्वतः जाऊन सांगून आला, "आतां आमी वाजवत नाई." एवढंच. त्यांनी अकोटहून बँड आणला. पण त्या वर्षापासून त्यांच्या शेतात आमच्या घरच्या कुणाला काम मिळालं नाही. बा अकोटच्या जिनिंगात रुईच्या गाठी उचलायला जाऊ लागला. त्या कामानं त्याची पाठ कायमची गेली. तरी त्यानं तो शब्द कधी मागं घेतला नाही.

स्काउट पथकात मला ढोल मिळाला तेव्हा मी भीत भीत त्याला विचारलं होतं. त्यानं उलट मलाच विचारलं.

"गनवेशात वाजवतेत का?"

"हो."

"पंधरा ऑगस्टले? झेंड्यापुढं?"

"हो बा."

"मंग वाजव. पन कोनाच्या वरातीपुढं नाई. कोनी सोनं दिलं तरी नाई."

मी शब्द दिला. बँडचं मी त्याला मोघम सांगितलं होतं, "शाळेचे पोट्टे मिळून वाजवतो" असं. ते खोटं नव्हतं. खरंही पुरतं नव्हतं, आणि ते मला टोचायचं. पण मी वरातीपुढं वाजवत नव्हतो, हे खरं होतं, आणि मी त्यावर निभावत होतो.

दोस्ताला मी हे सगळं सांगितलं होतं. फक्त त्याला. चाळणीचं सुद्धा. आणि एकदा, वसतिगृहातल्या माझ्या ट्रंकेवर बोटांनी, त्याला मी आमच्या घरचा ठेका वाजवून दाखवला होता. नवरदेव मारुतीच्या पारावरून उठून मांडवाकडे निघाला की आमचे आजोबा तो वाजवायचे. त्यात दर वेळी एक ठोका रिकामा सोडलेला असतो. ऐकणाऱ्याचं पाऊल त्या रिकाम्या जागेत पडतं. दुसऱ्या कुणाच्या वाजवण्यात तो मी ऐकला नाही. मी लहानपणी तो ऐकून ऐकून शिकलो होतो, कुणी शिकवला नव्हता. दोस्त ट्रंकेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "साल्या, हा तर रॉक अँड रोल आहे." मला इतकं बरं वाटलं की मी तो पुन्हा पहिल्यापासून वाजवला.

वार्षिक परीक्षा झाली आणि दोस्तानं बातमी आणली. त्याचे मामा अकोल्यातल्या एका जिनिंगचे वकील होते. जिनिंगचा हंगाम संपलेला, गोदाम मोकळं. आणि अकोल्यातला एक लाउडस्पीकरवाला, जो लग्नांना भोंगे पुरवायचा, त्याच्याकडे नवं टेप रेकॉर्डर आलं होतं, दोन चकत्यांचं. तो आमची गाणी टेप करायला तयार होता.

आम्ही एसटीनं गेलो, ढोल टपावर. गोदामात अजून काही गाठी शिल्लक होत्या. लाउडस्पीकरवाल्यानं त्या आमच्याभोवती अर्धगोल रचायला लावल्या. "घुमत नाई मंग," तो म्हणाला. कापसाच्या भिंतीत आवाज असा कोरडा, स्वच्छ यायचा की आम्हाला स्वतःचंच वाजवणं ओळखू येईना. माइक एकच. कुणाचा आवाज किती मोठा यायचा ते तो माणूस आम्हाला मागंपुढं सरकवून ठरवत होता. दोस्त माइकपाशी, गिटारवाला त्याच्या हातभर मागं, आणि मी पार टोकाला, दारापाशी.

"मले कावून इतकं मांगं?" मी विचारलं.

"भाऊ, तुमचा ढोल पुढं आला त गाणं घरी जाईन," तो म्हणाला.

आम्ही चार गाणी टेप केली. तीन इंग्रजी, ज्यांचे निम्मे शब्द दोस्तानं मनानं घातले होते. गिटारवाला दर ओळीला कपाळ बडवायचा. चौथं आमचं स्वतःचं, मराठी, अमरावतीच्या चौकात उभ्या राहिलेल्या एका पोराबद्दलचं. मग त्या माणसानं चकत्या उलट्या फिरवून आम्हाला ते ऐकवलं. दोस्तानं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि तो कसानुसा होऊन म्हणाला, "मी असा बोलतो?" आम्ही गाठींवर लोळून हसलो.

टेप अजून उरली होती. दोस्त माझ्याजवळ आला.

"सुट्टीत तू गावी जाणार. आम्ही सराव कशावर करायचा? एकट्या ढोलाची टेप करून ठेवू. लांबलचक. आणि तो आजोबांचा ठेका घे त्यात."

"तो कावून?"

"कारण तो तुझ्यासारखा कुणाला येत नाही."

या वेळी त्यानं मला माइकपाशी बसवलं. मी वाजवला. चकत्या फिरत होत्या, सगळे गप्प उभे होते, आणि कापसाच्या भिंतीतून तो ठेका माझ्याकडे परत येत नव्हता, नुसता जात होता. माझं वाजवणं संपलं तेव्हा लाउडस्पीकरवाल्यानं टाळी वाजवली नाही, तो पुढं होऊन म्हणाला, "लगीनसराईत माह्यासंग चाला. गाडी मायी, भोंगे माये, अॅम्प्लिफायर तुमाले वर्षभर वापराले. वऱ्हाडात असं कोनापाशी नाई."

मी काही बोलण्याआधी दोस्त बोलला. "नाही हो. आम्ही वरातीचे नाही." मीही नाई म्हटलं. माझ्याकडे पाहून त्यानं डोळा मिचकावला. त्या डोळा मिचकावण्यावर मी तेव्हा जीव टाकला असता.

मी गावी गेलो. टेप दोस्तापाशी राहिली.

वैशाखात मोठ्या घरच्या मुलीचं लग्न निघालं. आम्हाला बोलावणं नव्हतं आणि जायचंही नव्हतं. दुपार कलती झाली होती. बा ओट्यावर बाज विणत होता आणि मी समोर बसून सुतळी ताणून धरली होती. चौकातून भोंग्याचा आवाज येत होता: आधी कुणाला तरी मांडवात बोलावणं, मग सनईची रेकॉर्ड, मग इंग्रजी गाणं. गिटार ऐकू आली. मी कान टवकारले. आवाज ओळखीचा होता. मी स्वतःला म्हटलं, अशी गिटार कुणीही वाजवत असेल. पण गाण्यात चुकीचे इंग्रजी शब्द होते, आणि ते शब्द मी पाठ केलेले होते.

मग नवरदेव पारावरून उठला असणार. कारण भोंग्यातून आमचा ठेका सुरू झाला.

तो साऱ्या गावावर पसरला. घरांच्या भिंतींवर, गोठ्यांवर, विहिरीपाशी. मी इतका मोठा कधी वाजलो नव्हतो. आणि आता लिहितो ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही: पहिल्या दोन-चार ठोक्यांना मला आनंद झाला. राग, भीती, काही नाही, निव्वळ आनंद. माझे हात, माझं वाजवणं, आणि सारं गाव ऐकतं आहे. माझं तोंड फुललं. मी वर पाहिलं तर बा माझ्याकडे पाहत होता. त्याला ठेका ओळखायला वेळ लागलाच नाही, पण कुणाचा हात आहे ते त्याला माझ्या तोंडावरून कळलं.

"तुयं होये?"

"हो. पन म्या इथं..."

"कुठी वाजवलं?"

"अकोल्याले. गोदामात. आमच्यासाठी. सरावाले." माझ्या हातातली सुतळी सुटली. "बा, म्या वरातीत वाजवलं नाई. म्या नाई म्हनलं होतं."

बानं सुतळी पुन्हा उचलली आणि एकटाच विणू लागला. मी चौकाकडे पळालो.

वरात चालली होती. पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर भोंगे, बॅटऱ्या आणि ते टेप रेकॉर्डर. दोस्त माइक धरून उभा, केस तेल लावून वर काढलेले. गिटारवाला त्याच्या बाजूला. आणि जिथं मी बसलो असतो तिथं चकत्या फिरत होत्या. त्यांच्यावर ते दोघं वाजवत-गात होते.

दोस्तानं मला पाहिलं. मला वाटलं तो चपापेल. तो हसला. त्यानं माइक तोंडाशी नेला आणि म्हणाला, "मंडळी, आता जो ठेका तुम्ही ऐकताय तो वाजवणारा तुमच्याच गावचा! तो पाहा, तिथं उभा आहे!"

सारी वरात माझ्याकडे वळली. ढोल वाजवणाऱ्याकडे तोंड करून लोक उभे राहिले. मी हेच मागितलं होतं ना?

नवरदेवाच्या घोड्याबरोबर मोठ्या घरचे म्हातारे चालत होते. ते थांबले. मला खालून वर पाहत म्हणाले, "त तू त्याचा पोट्टा. तुया बा म्हने, आतां आमी वाजवत नाई. वाजवलं ना पन तुमच्याच घरानं? लय वर्षांनी कानाले बरं वाटलं." आजूबाजूचे हसले. म्हातारे हसले नाहीत; त्यांना खरंच बरं वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं.

वरात मांडवापाशी पोचल्यावर ट्रॉली थांबली. मी दोस्ताला खाली ओढलं.

"हे मायं गाव होये. तुले मालूम होतं."

"माहीत होतं म्हणून तर सगळ्यांना सांगितलं ना! तुला आवडेल वाटलं मला."

"म्या नाई म्हनलं होतं. तुयासमोर. तूच त्या भोंगेवाल्याले बोलला, आमी वरातीचे नाई."

"तू वाजवायला नाही म्हणालास. मग? वाजवलंस का तू?" तो समजुतीच्या सुरात बोलत होता, एखाद्या अशिलाला समजावावं तसा. "तू घरी बसला होतास. टेप वाजली. तुझ्या बाबांचा शब्द कुठे मोडला? मी सगळा विचार करूनच केलं."

गिटारवाला ट्रॉलीवरून खाली वाकला. "तूने हाँ नहीं बोला था?" त्यानं दोस्ताकडे पाहिलं. "ये तो बोला, उसको शरम आती है, इसलिए टेप दिया है."

दोस्त त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "अॅम्प्लिफायर वर्षभर आपल्याकडे राहणार आहे. तुझ्यासाठीच केलं हे, लेका. बँडसाठी."

मी त्याला मारायला हवं होतं. मी काही केलं नाही. घरी आलो, बाजेपाशी बसलो. बा अजून एकटाच विणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या घरचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आमच्या दारात आला. त्याच्या हातात सूप, त्यात गहू, डाळ, गूळ, नारळ आणि वर घडी केलेला शेला. लग्नात वाजवणाऱ्या घराला दुसऱ्या दिवशी हा मान द्यायची जुनी रीत होती. बानं वाजवणं बंद केल्यापासून तो मान आमच्या दारात आला नव्हता.

"मालकानं पाठवला," सालदार म्हणाला. "म्हने, कोनाचा मान ठिवून घेऊ नये."

"आमी वाजवलं नाई," बा म्हणाला.

"काल साऱ्या गावानं आयकलं, भाऊ."

"गावानं भोंगा आयकला."

"थे मले नको सांगू. वापस नेलं त मायी शिवी पक्की हाये." त्यानं सूप ओट्याच्या कडेला ठेवलं आणि तो भरभर निघून गेला.

शेजारची दोन-चार माणसं जमली. कुणी म्हणालं, गाईला घाला. कुणी म्हणालं, परत नेऊन त्यांच्या दारात ओता. काका म्हणाला, "येवढ्या वर्षांचं एका दिवसात गेलं," आणि माझ्याकडे पाहून थुंकला. बा खाली बसला, पाठ दुखत असल्यानं एका हातावर रेलून, आणि सुपातलं एकेक मायच्या जुन्या लुगड्याच्या धडुत्यात ठेवू लागला. गहू, डाळ, गूळ, नारळ, शेला. गाठ मारली आणि ते बोचकं माझ्यापुढं सरकवलं.

"ज्यानं वाजवलं त्याले नेऊन दे."

"बा, वाजवलं त म्या."

"नाई. तू अकोल्याले वाजवलं, आपल्यासाठी. इथं त्यानं वाजवलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्याचा मान हाये. त्याले मिळाला पाह्यजे."

मी अकोटहून एसटीनं अमरावतीला गेलो, बोचकं मांडीवर. बाजूच्या बाईनं विचारलं, "लग्नातून आले का बाप्पा?" मी हो म्हटलं.

वकील व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. दोस्त आतून बाहेर आला. मी पायऱ्यांवर बोचकं सोडून त्यातलं सगळं काढून ठेवलं आणि धडुतं काखेत घेतलं.

"हा काय प्रकार आहे?" वकिलांनी विचारलं.

"लग्नात वाजवणाऱ्याचा मान आहे, साहेब. आमच्या गावच्या घरानं पाठवला. तुमच्या मुलाचा आहे."

वकिलांनी चष्मा काढला. "तू वरातीत वाजवायला गेला होतास?"

"वाजवलं नाही हो बाबा, टेप..." दोस्त म्हणाला, आणि थांबला. त्याच्या लक्षात आलं असावं की हे वाक्य आपण दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलं आहे.

त्याची आई दारात आली. तिनं गहू, नारळ, शेला पाहिला आणि तिला सगळं कळलं. बायकांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ती एक पाऊल मागं सरली. मला ओरडली नाही. हळूच म्हणाली, "ते तिथंच राहू दे हं. आत आणू नका कुणी."

ती मला चांगली वागवायची. मी तिच्या हातचा कितीतरी चहा प्यालो होतो. म्हणून मला वाटलं होतं की ती तरी नारळ उचलेल.

दोस्त फाटकापर्यंत माझ्यामागे आला. चिडलेला, आणि घाबरलेलाही.

"घरी आणून तमाशा करायची काय गरज होती? टाकून द्यायचं ना कुठे तरी."

"तुयं हाये थे."

"माझं कसं? काहीतरीच काय! आमच्याकडे असलं घेत नाहीत."

"आमच्याकडं बी नाई घेत," मी म्हणालो.

तो फाटकाची कडी धरून उभा राहिला. मला त्याची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा राग आला. मी चालायला लागलो. मागून त्यानं एकदा हाक मारली. माझ्या नावानं नाही. "ए ढोल" म्हणून, जसा तो सरावाला मारायचा. मी थांबलो नाही.

टेपचं सांगून टाकतो. त्या लग्नानंतर ती लाउडस्पीकरवाल्याकडेच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्या दुकानात गेलो, ती विकत मागायला. त्यानं आमची चारही गाणी केव्हाच पुसली होती आणि त्या जागी कसल्याशा प्रचाराची भाषणं भरली होती. "गानी कोनाले पाह्यजे होती भाऊ?" तो म्हणाला. ढोलाचा भाग मात्र ठेवला होता. तो द्यायला तयार नव्हता. त्याला मागणी होती. त्यानंतर दोन-तीन लगीनसरायांत अकोटच्या बाजारात, एकदा मोर्शीला, मी तो ठेका भोंग्यातून ऐकला. दर वेळी मी वाट बदलली. बँडचं मला ठाऊक नाही. गिटारवाल्यानं एक पत्र पाठवलं, माफी मागणारं, त्याची काही चूक नसताना. त्याचं उत्तर मी दिलं नाही. दोस्त वकील झाला. आम्ही एकाच शहरात राहतो. मी सरकारी कचेरीत, तो कोर्टात. कधी समोर आला तर तो म्हणतो, "काय दिवस होते रे ते!" आणि मी मान हलवतो. त्याला अजून कळलेलं नाही असं मला वाटतं. की कळलं आहे, आणि तो माझ्या मान हलवण्यावर निभावतो आहे? मी त्याला कधी विचारलं नाही, आणि न विचारण्यात माझाही भित्रेपणा आहे.

मान पोचवला त्या दिवशी मी अमरावतीहून शेवटच्या एसटीच्या आधीच गावी परतलो. बा ओट्यावर बसला होता. बाज विणून झाली होती. मी रिकामं धडुतं मायजवळ दिलं.

"घेतलं त्यानं?" बानं विचारलं.

"नाई. पायरीवर ठिवून आलो. आत नेऊ नका म्हने."

बानं नव्या बाजेची सुतळी ओढून पाहिली.

"मंग उचललं कोनं? आपल्यासारख्याच कोनाले सांगतलं असन?"

"मालूम नाई. म्या वळून पाह्यलं नाई."

"पाहाचं होतं," बा म्हणाला.